चेनसॉचं इंजिन बांधताना: क्रँकचे बेअरिंग आणि ऑइल सील कसे बसवावेत

मे संपत आला की जळगाव-धुळ्याकडे बांधावरच्या बाभळी, कडुनिंब छाटायची एकच घाई उडते. पहिल्या वादळात फांदी तारांवर पडायच्या आत काम उरकायचं असतं. नेमक्या त्याच दिवसांत दुरुस्तीच्या दुकानांत चेनसॉ यायला लागतात आणि बहुतेकांची तक्रार ठरलेली असते. ॲक्सिलरेटर सोडला तरी इंजिनाचा आवाज खाली येत नाही. मग प्लग बदलतात, कार्बोरेटर साफ करतात, तरी भागत नाही म्हणून नवा कार्बोरेटर घालतात. आठ दिवसांनी पिस्टन चिकटतो.

खरं कारण असतं आत शिरणारी जादा हवा. ती शिरते बहुतेक वेळा क्रँकच्या (पिस्टनच्या वर-खाली हालचालीने फिरणाऱ्या शाफ्टच्या) दोन टोकांच्या ऑइल सीलमधून, म्हणजे शाफ्टभोवतीच्या रबरी कड्यांमधून. टू-स्ट्रोक इंजिनात क्रँककेस, म्हणजे क्रँकभोवतीची बंद पेटी (केसिंग), हाच पंप असतो. पिस्टन वर गेला की आत ओढ तयार होते, खाली आला की दाब. सील कडक झालं असेल किंवा त्याची कड झिजली असेल, तर ओढीच्या वेळी बाहेरची कोरडी हवा आत जाते. मिश्रणात पेट्रोल कमी पडतं आणि ऑइल पेट्रोलातूनच येत असल्यामुळे तेही कमी पडतं. एक्झॉस्टच्या बाजूने पिस्टनवर उभे ओरखडे दिसले, तर आधी सीलवर संशय घ्यावा.

सील एकटं क्वचितच जातं. मॅग्नेट, म्हणजे क्रँकच्या टोकावरचं जड चाक (फ्लायव्हील), दोन्ही हातांनी धरून वर-खाली हलवून पाहा. टकटक जाणवली तर बेअरिंग गेलंय. हलणाऱ्या शाफ्टवर नवं सील किती दिवस टिकणार? उलट बेअरिंग बदलायला केसिंग उघडलंच आहे, तर जुनं सील परत घालण्यात काय हशील? दोन्ही बाजूंचे बेअरिंग आणि दोन्ही सील एकत्रच बदलायचे.

माझं म्हणणं थोडक्यात सांगतो. चेनसॉचं बेअरिंग लाकूड कापताना जितकं मरतं, त्याहून जास्त ते बसवताना मरतं. "ठोकी टाक भो, बशी जाई" हे वाक्य प्रत्येक दुकानात ऐकू येतं. ठोकून ते बसतंही, पण ठोक्याचा जोर गोळ्यांमधून गेला की रेसवर, म्हणजे गोळ्या ज्या आतल्या-बाहेरच्या कड्यांत फिरतात त्यांवर, डोळ्यांना न दिसणारे खड्डे पडतात आणि इंजिन पहिल्या टाकीपासूनच गुरगुरायला लागतं.

बेअरिंग कुठलं घ्यायचं

आपल्याकडे सर्रास दिसणाऱ्या ५२ आणि ५८ सीसीच्या चिनी मशिनांत बहुधा ६२०२ नंबरचं बेअरिंग असतं: आतलं भोक १५ मिमी, बाहेरचा व्यास ३५ मिमी, जाडी ११ मिमी. तरी जुन्या बेअरिंगवरचा नंबर वाचून आणि व्हर्निअर (बारीक माप घ्यायची सरकपट्टी) लावूनच खरेदीला जा.

घोळ होतो तो इथे. ६२०२ हे छताच्या पंख्यातही लागतं, त्यामुळे ते गल्लीतल्या इलेक्ट्रिकवाल्याकडेही मिळतं. पण पंख्याच्या बेअरिंगला दोन्ही बाजूंनी पत्र्याचं झाकण असतं आणि आत ग्रीस भरलेलं असतं. चेनसॉच्या बेअरिंगला तेल मिळतं ते क्रँककेसमधल्या पेट्रोल-ऑइलच्या धुक्यातून. झाकण असलं तर ते धुकं गोळ्यांपर्यंत नीट पोचत नाही आणि आतलं ग्रीस पेट्रोलाने हळूहळू धुऊन जातं. काही जण झाकण उचकटून तेच बेअरिंग घालतात. त्यात दुसरी अडचण आहे.

ती अडचण म्हणजे क्लिअरन्स. बेअरिंगच्या नंबरापुढे 'सी-३' लिहिलेलं असेल, तर गोळ्या आणि रेस यांच्यामधली जागा नेहमीपेक्षा थोडी जास्त असते. १५ मिमी भोकाच्या साध्या बेअरिंगमध्ये ही जागा ३ ते १८ मायक्रॉन (मिमीचा हजारावा भाग) असते, सी-३ मध्ये ११ ते २५. क्रँकवर घट्ट बसताना आतली रेस किंचित फुगते, केसिंगमध्ये दाबताना बाहेरची किंचित आवळते आणि इंजिन तापलं की उरलेली जागाही कमी होते. साध्या बेअरिंगमध्ये अशा वेळी गोळ्या रेसमध्ये आवळल्या जातात. म्हणून उघडं, सी-३ लिहिलेलं बेअरिंग मागा. मोटार रिवाइंडिंगवाल्यांना आणि बेअरिंगच्या मोठ्या दुकानदारांना सी-३ म्हटलं की लगेच कळतं. काही मशिनांत एकाच बाजूने सील असलेलं खास बेअरिंग येतं. तिथे तसंच घ्यावं, स्वतःची अक्कल चालवू नये.

सीलमध्येही दोन जाती आहेत. काळं नायट्राइल रबर स्वस्त. तपकिरी किंवा हिरवट रंगाचं व्हिटॉन बहुधा महाग, पण ते जास्त उष्णता सोसतं आणि पेट्रोललाही जास्त दाद देत नाही. मात्र रंग हा पुरावा नव्हे, दुकानदाराला विचारून घ्या. आता पंपावर २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल मिळतं. इथेनॉल हवेतलं पाणी ओढून घेतं. टाकीत मिश्रण तसंच ठेवून मशीन पावसाळाभर कोपऱ्यात पडलं, तर पाणी खाली बसतं, बेअरिंगच्या गोळ्यांना गंज चढतो आणि साधं रबरही फुगतं. व्हिटॉन मिळत असेल तर दोन पैसे जास्त द्यायला हरकत नाही.

उघडताना

क्लचला उलटे आटे असतात, म्हणजे तो घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने फिरवला की सुटतो. मॅग्नेटचा नट मात्र सरळ आट्यांचा. दोन्ही सोडताना क्रँक अडवावा लागतो. त्यासाठी प्लगच्या भोकातून स्टार्टरच्या दोरीचा तुकडा सिलिंडरमध्ये सोडा. पिस्टन त्यावर टेकतो आणि काही मोडत नाही. लोखंडी स्क्रू अडकवाल तर पिस्टनला भोक पडेल. मॅग्नेट पुलरनेच (ओढून काढायच्या हत्यारानेच) काढा.

सिलिंडर, पिस्टन निघाल्यावर कनेक्टिंग रॉड, म्हणजे पिस्टन आणि क्रँक जोडणारा दांडा, तपासा. रॉड बाजूला सरकला तर चालतं, पण सरळ वर-खाली ओढल्यावर जराही खेळ जाणवला तर खालचं बेअरिंग गेलंय आणि क्रँक अख्खाच बदलावा लागेल. हे आत्ताच पाहिलं नाही तर पुढची सगळी मेहनत वाया.

जुने सील काढण्याआधी ते केसिंगच्या तोंडापासून किती आत आहेत, हे व्हर्निअरच्या शेपटीने मोजून लिहून ठेवा आणि फोटो काढा. बेअरिंगचीही खोली मोजा. काही केसिंगमध्ये बेअरिंगला टेकायला पायरी किंवा सर्कलिप (खाचेत बसणारी स्प्रिंगची रिंग) असते, काहींत काहीच नसतं. तिथे हे मापच तुमचा नकाशा.

केसिंगचे स्क्रू काढून दोन भाग वेगळे करताना फटीत स्क्रू-ड्रायव्हर घालून उचकटायचा मोह आवरा. ते तोंड मऊ धातूचं असतं. एक खरचटा पडला की तिथून कायमची हवा. नायलॉनच्या हातोडीने क्रँकच्या टोकावर हलके ठोके देत, नाहीतर पुलरने दाबत भाग सोडवा. दोन भाग जुळवणाऱ्या छोट्या पिना हरवू नका. क्रँकवर लोखंडी हातोडा कधीच नाही. चेनसॉचा क्रँक एकसंध नसतो. दोन गोल पाती मधल्या पिनवर दाबून बसवलेल्या असतात. एका टोकावर जोरात बसला की पाती पिनवर फिरते आणि शाफ्टची दोन टोकं एका रेषेत राहत नाहीत. शंका असेल तर लेथवाल्याकडे डायल (वाकडेपणा मोजायचं घड्याळ) लावून बघा. टोकांपाशी ०.०५ मिमीपेक्षा जास्त हेलकावा दिसला तर मी तो क्रँक परत बांधत नाही.

बेअरिंग केसिंगमध्ये

आता उष्णतेचं काम. बहुतेक चेनसॉचं केसिंग मॅग्नेशियमच्या मिश्रधातूचं असतं, आणि तापवल्यावर मॅग्नेशियम पोलादाच्या दुपटीहून जास्त फुगतं. ३५ मिमीचं भोक १०० अंशांनी तापलं की साधारण ०.०९ मिमीने मोठं होतं. बेअरिंग घरच्या फ्रीजरमध्ये ठेवलं तर तेही ०.०२ मिमीने आकसतं. दोन्ही मिळून ०.११ मिमी. ही घट्ट बसणी सुटायला तेवढं पुरतं. आपल्याकडे मे महिन्यात पारा ४५च्या वर जातो. केसिंग अंगणात ठेवलं तर निम्मी वाट सूर्यच चालतो, हे गमतीत म्हणतो, पण अगदीच खोटं नाही.

तापवायला घरच्या केकचा ओव्हन सगळ्यात चांगला. १३० अंशांवर पंधरा-वीस मिनिटं. त्याआधी केसिंग रॉकेलने, मग साबणाच्या पाण्याने स्वच्छ धुऊन पूर्ण वाळवलेलं हवं. पेट्रोल लागलेलं केसिंग ओव्हनमध्ये टाकणं म्हणजे स्फोटाला निमंत्रण. शिवाय पुढच्या केकला टू-टी ऑइलचा वास आला तर घरात जे होईल ते वेगळंच. ओव्हन नसेल तर कपड्यांची इस्त्री उलटी धरून पक्की अडकवा आणि बेअरिंगची जागा तिच्यावर टेकवा. उघडी ज्योत, गॅसकटर, वेल्डरची टॉर्च बिलकुल नको. पातळ मॅग्नेशियम आणि त्याचा कीस पेट घेतो, आणि पेटला तर पाणी मारूनही विझत नाही, उलट भडकतो. गरम वाळूची कढईही नको. वाळूचा एक कण आत राहिला तरी बेअरिंगची वाट लागते.

तापमान पाहायला पाण्याचा थेंब टाका. तो चुरचुरून लगेच उडाला म्हणजे धातू १००च्या वर आहे. पिस्तुलासारखा थर्मामीटर वापरणार असाल, तर चकचकीत धातूवर तो कमी आकडा दाखवतो. कागदी टेपचा तुकडा चिकटवून त्यावर मारा.

जुने सील आधीच काढलेले असले पाहिजेत. तापलेलं केसिंग लाकडी फळीवर पालथं आपटलं की जुनं बेअरिंग पुष्कळदा आपसूक खाली पडतं. नाही पडलं तर बाहेरच्या रेसवर बसेल अशा गोटीने (पान्याच्या सॉकेटने) हलकेच बाहेर ढकला. भोक चिंध्यांनी पुसा. आतून घासपेपर मारू नका. जागा ढिली झाली तर बेअरिंग केसिंगमध्ये फिरायला लागतं आणि मग केसिंगच फेकावं लागतं.

नवं बेअरिंग घालण्यासाठी केसिंग पुन्हा तापवा. बेअरिंग प्लास्टिकच्या पिशवीत बांधून रात्रभर फ्रीजरमध्ये ठेवलेलं हवं. जाड चामड्याचे हातमोजे घाला. केसिंग सपाट लाकडावर आडवं ठेवा, बेअरिंग फडक्यात धरा आणि भोकावर अगदी सरळ सोडा. 'टक्' असा बारीक आवाज येतो आणि ते पायरीवर जाऊन बसतं. तिरपं अडकलं तर ओढाताण करू नका. सेकंदा-दोन सेकंदांत उष्णता बेअरिंगमध्ये गेली की ते आवळलं जातं. काढा, परत तापवा, परत घाला. शेवटचा केसभर सरकवायचा असेल तर बाहेरच्या रेसच्या व्यासाएवढी गोटी ठेवून फक्त त्या रेसवर दाब द्या. इथला नियम लक्षात ठेवा: जी रेस घट्ट बसतेय, जोर तिच्यावरच. केसिंगमध्ये बसवताना बाहेरची, क्रँकवर बसवताना आतली. गोळ्यांमधून जोर जाता कामा नये.

बेअरिंग घातल्यावर दोन-तीन मिनिटं बोटाने हलकं दाबून धरा. केसिंग थंड होईपर्यंत ते वर सरकू शकतं. मग थेंबभर टू-टी ऑइल टाका. पावसाळ्यात गार बेअरिंगवर लगेच दव धरतं आणि त्यातूनच गंजाची सुरुवात होते.

क्रँक बेअरिंगमध्ये

इथे उष्णता तेवढी मदत करत नाही. १५ मिमीचं भोक ८० अंशांनी तापवलं तरी जेमतेम ०.०१५ मिमी मोठं होतं. तरी ते पुरतं, पण घाई लागते. पद्धत अशी: आतल्या रेसवर बसेल एवढी जुनी लोखंडी गोटी गॅसवर तापवा, चिमट्याने उचलून आतल्या रेसवर ठेवा, अर्धा मिनिट थांबा. उष्णता फक्त आतल्या रेसमध्ये शिरते. गोटी लालबुंद नको. बेअरिंगला १२० अंशांपुढे नेऊ नये, आणि आतली जाळी प्लास्टिकची असेल तर हे कटाक्षाने पाळावं. गोटी उचलताच तेलाचं बोट लावलेला, फ्रीजरमधला क्रँक सरळ आत सोडा.

थोडाच आत गेला तर? मॅग्नेटच्या बाजूला नट आहे. शाफ्टवर आतल्या रेसला टेकणारा पाइपचा तुकडा, त्यावर वॉशर, वर नट, आणि पाना फिरवत क्रँक ओढून घ्या. पाइप बाहेरच्या रेसला किंवा केसिंगला टेकला तर सगळं व्यर्थ. क्लचच्या बाजूला उलटे आटे असल्यामुळे साधा नट चालत नाही. म्हणून मी आधी क्लचची बाजू तापवून बसवतो आणि मॅग्नेटची बाजू ओढून घेतो. प्रेसवर दाबायची वेळ आलीच, तर क्रँकच्या दोन पात्यांच्या फटीत बरोबर बसणारी लोखंडी पट्टी घाला, नाहीतर पाती आत दबते.

दोन भाग जोडताना

नवं पॅकिंग कोरडंच बसवतात किंवा पातळ लेप देतात, ते मशीन पाहून. लेप द्यायचा तर पेट्रोल सोसणारा हवा. बाजारातलं साधं सिलिकॉन पेट्रोलमध्ये फुगून सुटतं आणि त्याचा तुकडा आत जातो. पिना जागेवर बसवा, कनेक्टिंग रॉड वर काढून ठेवा, स्क्रू आडव्या जोडीने थोडे थोडे आवळा. मॅग्नेशियममध्ये ५ मिमीच्या स्क्रूला साधारण ८ न्यूटन मीटर पुरतात. पुस्तिकेत आकडा असेल तर तोच. नवशिक्यांचे आटे इथेच जातात. सिलिंडर बसतो त्या तोंडावर पॅकिंगचं जास्तीचं टोक डोकावतं, ते धारदार ब्लेडने अगदी समतल कापा. तो केसभर उंचवटा सिलिंडरखाली राहिला तर तिथून हवा येणारच.

आता क्रँक हाताने फिरवा. जड वाटतो? बहुतेकदा वाटतोच, कारण बसवताना दोन्ही बेअरिंग एकाच बाजूला रेटले गेलेले असतात. क्रँकच्या एका टोकावर नायलॉनच्या हातोडीने एक हलका टोला, मग दुसऱ्या टोकावर. बेअरिंग मधोमध येतात आणि क्रँक एकदम मोकळा फिरायला लागतो. हा बदल बोटांना स्पष्ट कळतो. तरीही कुठे अडखळत असेल तर पुढे जाऊ नका, उघडून पाहा.

खालून झाकण लागणारी, म्हणजे क्रँक सिलिंडर आणि तळाच्या तुकड्यात चिमटीत बसणारी जी मशिनं असतात, त्यांत बेअरिंग आणि सील आधी क्रँकवर चढवायचे आणि मग सगळं मिळून जागेवर ठेवायचं. तिथे जोड फक्त लेपावर असतो, त्यामुळे कंपनीने सांगितलेलाच लेप वापरा.

सील

सील सगळ्यात शेवटी, केसिंग थंड झाल्यावर. शाफ्टवर जिथे सीलची कड टेकते ती जागा नखाने चाचपा. खाच लागली तर बारीक पॉलिश पेपर तेलात भिजवून गोल गोल फिरवा. लांबीच्या दिशेने मारलेला ओरखडा म्हणजे हवेला सरळ रस्ता. खाच खोल असेल तर सील पूर्वीपेक्षा अर्धा-एक मिमी कमी आत बसवा, म्हणजे कड नव्या जागेवर येईल. बाहेर ऑइल पंप किंवा मॅग्नेट घासणार नाही ना, एवढं बघा.

सीलची स्प्रिंग असलेली बाजू आत, क्रँककेसकडे. कडेवर ग्रीस लावा. कोरडं सील पहिल्याच मिनिटात जळतं. शाफ्टच्या आट्यांवरून आणि चावीच्या खाचेवरून जाताना कड हमखास चिरते. त्यासाठी कोल्ड्रिंकच्या बाटलीचा पातळ प्लास्टिक तुकडा शाफ्टभोवती नळीसारखा गुंडाळा, त्यावर तेल लावा, सील त्यावरून सरकवा आणि मग नळी ओढून काढा. सीलची बाहेरची कड लोखंडी असेल तर तिला लेपाचा पुसट हात द्या. रबराची असेल तर तेलाचं बोट पुरे. मग सीलच्या व्यासापेक्षा किंचित लहान पीव्हीसी पाइपचा तुकडा ठेवून चारही बाजूंनी सारखं दाबत, लिहून ठेवलेल्या खोलीपर्यंत न्या. तिरपं बसलेलं सील गळतंच.

दाब आणि ओढ तपासणं

ही पायरी टाळून मशीन चालू करणारे बरेच असतात. सिलिंडर चढवल्यावर, मॅग्नेट आणि क्लच लावायच्या आधी तपासलं तर गळती उघड्यावर दिसते. सायलेन्सरच्या जागी रबराची पट्टी घालून एक्झॉस्ट बंद करा. कार्बोरेटरच्या जागी सायकलच्या ट्यूबचा व्हॉल्व्हसकट कापलेला तुकडा लावा, वर भोक पाडलेली पट्टी आवळा आणि व्हॉल्व्हच्या आतली वॉलट्यूब काढून टाका. कार्बोरेटरकडे जाणारं दाबाचं छोटं छिद्र वेगळं असेल तर तेही बंद. प्लग घट्ट, पिस्टन वरच्या टोकाला.

व्हॉल्व्हला बीपी मोजायच्या जुन्या मशीनचा फुगा आणि घड्याळ जोडा. त्या घड्याळावर ३०० म्हणजे ०.४ बार, या कामाला तेवढे चालतात. कंपन्या ०.५ बार धरतात. काटा २० सेकंद जागेवर राहिला पाहिजे. क्रँक हळूहळू फिरवत पाहा, काही सील एकाच कोनात गळतात. साबणाचं पाणी ब्रशने लावलं की बुडबुडे जागा सांगतात.

दाबात पास झालेलं इंजिन ओढीत नापास होऊ शकतं, कारण दाब सीलची कड शाफ्टवर चिकटवतो आणि ओढ ती उचलते. हवा शिरते ती ओढीच्या वेळी. म्हणून फ्रीज-एसी मेकॅनिककडून किंवा गॅरेजमधून हाताचा व्हॅक्यूम पंप मागून आणा, ०.५ बार ओढ तयार करा. २० सेकंदांत ती ०.३च्या खाली उतरता कामा नये.

पहिली टाकी

ताजं पेट्रोल आणि चांगलं टू-टी ऑइल, प्रमाण मशीनवर लिहिलेलं तेच: २५:१ असेल तर लिटरला ४० मिली, ५०:१ असेल तर २० मिली. कार्बोरेटरचा हाय स्क्रू (फुल रेसचं पेट्रोल ठरवणारा) सुरुवातीला थोडा उघडा ठेवा, म्हणजे इंजिन किंचित जड चालेल. पहिल्या टाकीला बारीक फांद्या कापा. सुकलेल्या बाभळीच्या खोडात फुल रेस देऊन शिरू नका. रिकामं फुल रेसवर ओरडवणं तर नकोच. इंजिन गरम झाल्यावर आयडलवर ठेवून मशीन उजव्या, डाव्या अंगावर आणि नाक खाली करून धरा. आवाज कुठल्याही अंगावर चढता कामा नये. थंड झाल्यावर सिलिंडर आणि सायलेन्सरचे स्क्रू परत एकदा आवळा, आणि मगच कार्बोरेटरची शेवटची सेटिंग करा.